विझण्याआधीचा उजेड

१

बारवीकडून बदलापूरला येणारा रस्ता एका लांब उतारानंतर डावीकडे वळतो. त्या वळणाखालच्या ओढ्यात बाळ कारखानीसांची हिरवी गाडी नाक खुपसून पडली होती. १९५३ सालच्या नोव्हेंबरातला तो सोमवार. दिवेलागण नुकतीच झाली होती. वळणाजवळच्या झोपडीतल्या तानीने धडधड आवाज ऐकला, हाका मारून माणसं गोळा केली आणि कारखानीसांना बैलगाडीत घालून बदलापूरला पाठवलं. वाटेतच त्यांचा श्वास थांबला. गाडी रात्रभर ओढ्यातच राहिली.

कारखानीस अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. वय छत्तीस. गाडी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, १९२९ सालची. दोन माणसांची, कापडी टपाची विलायती गाडी. कधी काळी शर्यतीत धावलेली. सत्तेचाळीस साली देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाने ती त्यांना दिली होती. तिच्यात आज हे बिघडे, उद्या ते. पण वर्षभरापासून दुखणं एकच होतं, विजेचं. दिवे लुकलुकायचे, सेल्फ कधी लागायचा कधी नाही. मरणाच्या तीन दिवस आधी अंबरनाथ पश्चिमेच्या पदू मिस्त्रीने दिव्यांच्या सगळ्या तारा बदलून दिल्या होत्या.

फौजदार मोकाशींनी सरळ हिशोब मांडला. नव्या तारा, तीन दिवसांत दिवे बंद, अंधारात वळण दिसलं नाही. माणूस मेला. त्यांनी पदूला कल्याणच्या कोठडीत घातलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कुंदा कारखानीस उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या अनंतामिस्त्रीच्या शेडमध्ये येऊन उभी राहिली.

अनंता खोत बावन्न वर्षांचा. लढाईच्या काळात कल्याण कॅम्पच्या लष्करी वर्कशॉपमध्ये तो ट्रकांची बॅटरी-डायनामोची कामं करायचा. लष्कर गेलं, बराकींत सिंधी निर्वासित आले. अनंता मात्र तिथेच राहिला. शेजारच्या दुकानात जेठानंद मोटारींचे सुटे भाग विकायचा आणि अडलेली गाडी दिसली की सरळ अनंताकडे पाठवायचा, "साईं, इसको मिस्त्रीच बरा करेल."

"पदूला तुम्हीच शिकवलंत ना?" कुंदाने विचारलं. पांढरं लुगडं, रिकामे हात. आवाज मात्र स्थिर.

"सहा वर्षं होता माझ्याकडे."

"फौजदार म्हणतात, त्याने तार नीट जोडली नाही. त्याची आई रोज माझ्या दारात येऊन बसते. काही मागत नाही, नुसती बसते. मिस्त्री, मला खरं काय ते हवंय. चूक पदूची असली तर तीही मला कळू दे."

अनंताने हात पुसले. त्यालाही तेच कळायला हवं होतं, आणि त्याचीच त्याला धास्ती होती. चूक पदूची निघाली तर ती शिकवणाऱ्याचीही होती.

"गाडी कुठाय?"

"कारखान्याच्या मोटारशेडमध्ये. फौजदारांनी कुलूप लावलंय."

२

पदू कोठडीच्या भिंतीला टेकून बसला होता. तीस वर्षांचा रुंद खांद्याचा माणूस, पण तेरा दिवसांत अर्धा झाला होता. अनंताला पाहून तो उठला नाही.

"काय काय केलंस ते सांग. पहिल्यापासून."

"दिव्यांच्या तारा बदलल्या. पुढचे दोन मोठे, दोन लहान, मागचा एक, मीटरवरचा एक. जोड डाग देऊन केले, वर कापड गुंडाळलं. नवा फ्यूज घातला."

"बॅटरी?"

"सीटामागच्या फळीखाली असते. दोन्ही टोकं खरवडून साफ केली, ग्रीस थापून आवळली. साहेबांनी सेल्फ मारून बघितला. एका झटक्यात लागला. साहेब हसले." पदू थांबला. "मिस्त्री, मी रोज रात्री ते जोड मनात मोजतो. सगळे नीट आहेत. पण सकाळ झाली की वाटतं, एखादा राहिलाच असेल. नाहीतर साहेब मेले कसे?"

"फौजदारांना काय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, चूक झाली असेल का? मी म्हटलं, असेल."

अनंताने डोळे मिटले. पदू खोटं बोलायला कधी शिकलाच नव्हता. म्हणूनच तो आत बसला होता.

३

मोकाशींनी मोटारशेड उघडून दिलं खरं, पण ते स्वतः दारात उभे राहिले. शेडचा पहारेकरी बारकू कंदील धरून आत आला. दुपार होती तरी पत्र्याच्या त्या शेडमध्ये उजेड कमी होता.

गाडीचं नाक चेपलं होतं. पुढचा उजवा मोठा दिवा फुटला होता. बाकी सगळं, सीटच्या उंचीपर्यंत, ओढ्याच्या तांबड्या चिखलाने माखून वाळलेलं होतं.

अनंता जमिनीवर आडवा झाला. पदूने घातलेली प्रत्येक तार त्याने बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपली. जोड ओढून पाहिले, कापड उलगडून पाहिलं. तास गेला. एकही जोड सुटलेला नव्हता, एकही तार कुठे घासलेली नव्हती. मग त्याने फ्यूज काढला आणि उजेडात धरला.

"फौजदारसाहेब, हे बघा. फ्यूजची तार शाबूत आहे."

"बरं मग?"

"तारेला तार लागली असती तर आधी हा जळाला असता. तो त्यासाठीच असतो."

मग त्याने बल्ब काढायला सुरुवात केली. पुढचा डावा मोठा, काच शाबूत, आतली तार वितळून तुटलेली. दोन लहान, तसेच. मागचा, तसाच. मीटरवरचा चिमुकला बल्बसुद्धा तसाच. सगळ्यांच्या काचा आतून काळपटलेल्या.

त्याने पाचही बल्ब रुमालावर ओळीने मांडले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत बसला.

"एक बल्ब जळतो," तो म्हणाला. "फार तर दोन. पाच बल्ब एका वेळी स्वतःहून जळत नाहीत. यांना कोणीतरी जाळलंय."

"कोणीतरी म्हणजे?"

"म्हणजे भलतीच जास्त वीज. गाडी धावताना डायनामो वीज करतो. जितकं इंजिन जोरात, तितकी जास्त. बॅटरी त्यातली जास्तीची पिऊन घेते, म्हणून बल्ब वाचतात. बॅटरी सुटलेली असेल आणि गाडी उताराला लागली, तर ती सगळी वीज बल्बांत शिरते."

मोकाशी आत आले. त्यांनी सीटामागची फळी उचलली आणि बोट दाखवलं.

"मिस्त्री, बॅटरी जोडलेली आहे. दोन्ही तारा घट्ट. गाडी इथे आणली त्याच दिवशी मी पाहिलंय."

अनंताने वाकून पाहिलं. खरंच, दोन्ही तारा घट्ट होत्या. म्हणजे जे घडलं म्हणून पाच बल्ब सांगत होते, ते घडणं शक्यच नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बदलापूरहून चालत तानीच्या झोपडीकडे गेला. तानी पन्नाशीची, रानातला लाकूडफाटा विकून जगणारी. तिने त्याला उतार दाखवला, वळण दाखवलं, ओढा दाखवला.

"फौजदारांना मी सांगला. त्यांना वाटला म्हातारी भुताचं सांगते."

"मला सांगा."

"गाडी वरून येत व्हती. दिवं पिवळं, नेहमीसारखं. मंग उतारावर आली नि दिवं वाढलं."

"वाढले?"

"पांढरंफटक झालं. माज्या दारात दिवसासारखा उजेड पडला. मी डोल्यावर हात धरला. नि एकदम काय नाय. सगला काला. मंग आवाज."

सैल जोडाने दिवे लुकलुकतात, मंद होतात. विझण्याआधी पांढरे होत नाहीत. बॅटरी सुटलीच होती. कागदावर लिहून द्यावं इतकं अनंताला ते स्पष्ट झालं.

"दुसऱ्या दिवशी गाडीजवळ पहिलं कोण आलं?"

"तो अंबरनाथच्या कारखान्याचा साहेब नि एक पहारेकरी. उजाडता उजाडता. पहारेकरी गावात बैल आनाया गेला. साहेब एकलाच व्हता, लई येळ. गाडीत डोका घालून रडत व्हता बिचारा. मी पानी घेऊन गेली तर उभा रायला. हात चिखलानी भरलेलं. रुमालाला पुसत व्हता."

"डोकं कुठे घालून? पुढे, चाकाजवळ?"

तानीने आठवून पाहिलं. "नाय. मागं. सीटाच्या मागं."

५

तो साहेब म्हणजे गुरुदत्त भेंडे. कारखान्यातल्या वॉर्निश विभागाचा इंजिनियर आणि बाळ कारखानीसांचा कॉलेजपासूनचा मित्र. तेरा दिवस त्याने कारखानीसांच्या घरचं सगळं पाहिलं होतं. सामान आणणं, भटजी बोलावणं, म्हाताऱ्या वडिलांना धीर देणं. अनंता भेटायला गेला तेव्हा तो ऑफिसात एकटाच बसला होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

"विचारा," तो म्हणाला. "बाळसाठी काय वाटेल ते."

"सोमवारी कारखानीससाहेब बारवीकडे का गेले होते?"

"एका कामगाराच्या बायकोला भेटायला. वॉर्निशच्या भट्टीला महिन्यापूर्वी आग लागली होती. वाळू नावाचा माणूस गेला त्यात. विडी ओढत होता. बाळ मनाचा हळवा. चौकशीला गेला असेल."

"तुम्हाला आधी सांगितलं होतं त्यांनी?"

गुरुदत्तने खिडकीबाहेर पाहिलं. "हो. सकाळीच."

"तुम्हीही मोटार चालवता?"

"हो. माझी स्वतःची आहे. नवी, गेल्या वर्षीची. गाड्यांतलं मला बऱ्यापैकी कळतं, मिस्त्री. म्हणूनच सांगतो, पदूच्या हातून ते झालं. मुद्दाम केलं नसेल त्याने. पण झालं."

त्यानंतर अनंता मोटारशेडमध्ये बारकूकडे गेला.

"सोमवारी गाडी इथेच होती?"

"सकाळी नऊपासून साडेतीनपर्यंत. साहेब निघताना सेल्फ लागला नाही. मग त्यांनी हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला सुरू झाली."

"त्यांना नवल नाही वाटलं?"

"कसलं नवल? पावसाळ्यात बॅटरी चार्जिंगला दिली होती, तेव्हा दोन दिवस गाडी बॅटरीशिवायच चालवली. दिवसा. मीच हँडल मारायचो. या गाडीला बॅटरी लागत नाही चालायला. ठिणगी देणारं यंत्र तिचं वेगळं आहे. मॅग्नेटो म्हणतात त्याला."

"हे आणखी कोणाला ठाऊक होतं?"

"साहेबांना, मला नि पदूला."

"सोमवारी दुपारी इथे कोण आलं होतं?"

बारकू घुटमळला. "मी जेवायला गेलो होतो अर्धा तास. चावी भेंडेसाहेबांकडे ठेवून. त्यांना त्यांच्या गाडीतून काही काढायचं होतं."

अनंताने कुंदाला विचारून घेतलं होतं, सोमवारी सकाळी घरून निघताना सेल्फ लागला होता. ती दारात उभी होती, तिने आवाज ऐकला होता. म्हणजे तार सुटली ती इथे, याच शेडमध्ये, नऊ ते साडेतीनच्या दरम्यान.

त्याने पाना मागून घेतला, सीटामागची फळी उचलली आणि प्रथमच बॅटरीच्या त्या घट्ट दिसणाऱ्या तारा सोडवल्या. पहिल्या टोकाच्या कडीखाली पदूचं ग्रीस होतं, पिवळं, स्वच्छ. दुसरी कडी त्याने वर उचलली.

आतमध्ये, शिशाचं टोक आणि कडी यांच्या मधोमध, दाबून चपटा झालेला तांबडा चिखल होता.

"बारकू," अनंता हळू आवाजात म्हणाला, "फौजदारसाहेबांना बोलावून आण. दुसरं कोणी यात हात घालायच्या आत."

६

मोकाशींनी तो चिखल पाहिला, स्वतः कागदावर काढून घेतला आणि पहिल्यांदाच टोपी काढून बाजूला ठेवली.

"बाहेरून चिखल लागला असता तर कडीच्या वर लागला असता," अनंता म्हणाला. "आत कसा जाईल? गाडी ओढ्यात पडली तेव्हा ही कडी सुटलेली होती. चिखल टोकावर बसला. त्यानंतर कोणीतरी कडी परत घातली आणि आवळली."

"भेंडे?"

"अजून एक गोष्ट राहिली. का?"

दोघे मिळून बारवीच्या वाटेवरच्या पाड्यावर गेले. येसू, वाळूची विधवा, भाताच्या मळणीवर होती. पोलिसांची टोपी पाहून ती उभी राहिली ती हलेचना. अनंता जमिनीवर बसला, तेव्हा तीही बसली.

"कारखानीससाहेब आले होते ना?"

"आलं व्हतं. आगीचं इचारलं. मी त्या दिवशी भाकर घेऊन गेली व्हती कारखान्यात. मी सोता ऐकला. वाळू सायबाला म्हनला, भट्टीचा काटा मोडलाय, गरमी कलत नाय, बंद करू काय. साहेब म्हनला, माल आजच पायजे, चालू ठेव."

"कोणता साहेब?"

"भेंडेसाहेब. मी दाराशी व्हती. मंग मी घराकडं आली, नि पाठी आग." तिने पदराने तोंड पुसलं. "वाळूनं जल्मात कदी इडी वढली नाय. त्याला खोकला व्हता."

"हे तुम्ही कारखानीससाहेबांना सांगितलंत?"

"त्यांनी कागदावर लिवला. वाचून दाखवला. मंग माजा आंगठा घेतला. म्हनले, उंद्या सरकारी साहेब येनार हाय कारखान्यात, त्याच्या हातात देतो. कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, बटन लावला."

मोकाशींनी पंचनामा अनंताच्या समोर उघडला. मृताच्या अंगावर सापडलेल्या वस्तू. घड्याळ, चष्म्याचं घर, रुमाल, पेन.

"कोट अंगावर नव्हता," मोकाशी सावकाश म्हणाले. "कोट गाडीतच सापडला दुसऱ्या दिवशी. सीटामागे. खिसे रिकामे."

७

अनंताने सगळ्यांना आपल्या शेडमध्ये बोलावलं, रविवारी सकाळी. कुंदा आली, बारकू आला, पदूला दोन शिपायांनी आणलं. गुरुदत्त भेंडे स्वतःच्या मोटारीने आला. कुंदाला पाहून त्याने मान खाली घातली.

अनंताने बाकावर एक जुना डायनामो बसवला होता. शेडमधल्या इंजिनाचा पट्टा त्यावर चढवला होता. शेजारी बॅटरी आणि जेठानंदच्या दुकानातून आणलेले पाच बल्ब एका फळीवर.

"ही बॅटरी जोडलेली आहे," तो म्हणाला आणि इंजिन चालू केलं. बल्ब पिवळे पेटले. त्याने इंजिन जोरात केलं, बल्ब तसेच राहिले. मग त्याने इंजिन मंद केलं, बॅटरीची एक तार सोडली आणि हात मागे घेतला. बल्ब जरासे हलले, पण पेटलेले राहिले.

"साहेब पाड्यावरून हळू निघाले. संधिप्रकाश होता, दिवे लावले, दिवे ठीक दिसले. आता उतार." त्याने इंजिन वाढवलं.

पाचही बल्ब पांढरे झाले. शेडच्या कोपऱ्यापर्यंत उजेड पडला, कुंदाने डोळ्यांवर हात धरला. आणि सगळं विझलं. इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. अनंताने तोही बंद केला.

"पदूच्या तारा शाबूत आहेत, फ्यूज शाबूत आहे," तो म्हणाला. "बॅटरीची तार दुपारी मोटारशेडमध्ये काढली गेली. काढणाऱ्याला गाडी पाडायची नव्हती. तसं असतं तर त्याने ब्रेक बिघडवले असते. त्याला गाडी थांबवायची होती, एका दिवसापुरती. आता बारकूला ठाऊक होतं की ही गाडी बॅटरीवाचून चालते, पदूलाही ठाऊक होतं. त्यांनी गाडी थांबवण्यासाठी ही तार कधीच काढली नसती. काढली ती ज्याला मोटारींचं कळतं, पण ही मोटार कळत नाही, त्याने. ज्याची स्वतःची गाडी नवी आहे. ती बॅटरीवाचून जागची हलत नाही."

अनंताने बाकावरची सुटलेली तार उचलून परत बॅटरीला लावली.

"दुसऱ्या दिवशी उजाडताच तार परत जोडली गेली, चिखलाच्या हातांनी. तेव्हा गाडीपाशी एकच माणूस होता."

गुरुदत्त उभा होता तसाच होता. "हा तर्क आहे," तो म्हणाला. "कोर्टात याला कोणी..."

"भावजी," कुंदा म्हणाली.

तो थांबला.

"कोर्टाचं राहू द्या. त्यांच्या कोटाच्या खिशात कागद होता का, तेवढं मला सांगा. ते ज्या कामाला गेले ते झालं होतं का?"

गुरुदत्तने भिंतीला हात टेकला. मग खाली, तेलकट जमिनीवर, सुटाबुटासह बसला.

"झालं होतं," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी बाळने मला सांगितलं. म्हणाला, तू स्वतः कबूल कर, मी तुझ्या बाजूला उभा राहीन. नाहीतर संध्याकाळी मी तिची साक्ष घेऊन येतो. मी म्हटलं, एक दिवस थांब. तो म्हणाला, उद्या सरकारी इन्स्पेक्टर येतोय, थांबता येत नाही. मला फक्त तो एक दिवस हवा होता, वहिनी. एक तार काढली मी. एकच. खिडकीतून पाहत होतो. त्याने हँडल मारलं आणि गाडी निघून गेली. मला कळेना कशी. संध्याकाळी दिवे लावेल तेव्हा काय होईल, हे माझ्या मनातही आलं नाही. देवाशपथ."

"आणि पदू?" अनंताने विचारलं.

गुरुदत्तने पदूकडे पाहिलं नाही. "ते मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"कागद?" मोकाशी पुढे झाले.

"जाळायला काढला होता, जाळवेना. बाळचं अक्षर आहे त्यावर." त्याने कोटात हात घातला. कागद चार घड्यांचा होता, कडेला चिखल वाळलेला. त्याने तो मोकाशींना दिला नाही. कुंदापुढे धरला.

कुंदाने तो घेतला, उघडला, वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या अंगठ्यापर्यंत. मग मोकाशींच्या हातात दिला.

पदूच्या हातातल्या बेड्या शिपायाने काढल्या, तेव्हा तो दोन्ही मनगटं बघत राहिला. अनंता त्याच्याजवळ गेला. "जोड मी सगळे तपासले," तो म्हणाला. "एकही सैल नव्हता." पदूने मान हलवली, आणि मग तो मोठा माणूस सगळ्यांदेखत रडू लागला.

८

आगीची फेरचौकशी फेब्रुवारीत कल्याणला झाली. वाळूवरचा विडीचा ठपका कागदोपत्री पुसला गेला. गुरुदत्तने दोन्ही गुन्हे कबूल केले, वकील दिला नाही.

दुपारी चौकशी संपल्यावर येसू कचेरीच्या ओट्यावर बसली होती. अनंता पाणी आणायला गेला होता. परत आला तेव्हा कुंदा तिच्या शेजारी जाऊन बसलेली त्याला दिसली. तो खांबामागेच थांबला.

"बाई," येसू म्हणत होती, "तुमचं मालक माज्याकडं आलं नसतं तर जितं ऱ्हायलं असतं. मी रोज बोलते मनाशी."



"निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला विचारलं होतं, जाऊ का म्हणून," कुंदा म्हणाली. "मित्राच्या विरुद्ध जायचं होतं, हे मात्र बोलले नाहीत. मी म्हटलं, जा."

दोघी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. टांगे येत होते, जात होते.

"तुमच्याकडे किती वेळ होते ते?" कुंदाने विचारलं.

"उन्हं कलली तवा आलं, दिवस बुडता गेलं."

"काय करत होते? लिहून झाल्यावर?"

येसूने आठवलं. "अंगनात बसलं. पाय धुतलं. माजी लेक कोंबडी धरून आली, तिला म्हनले, हिचा नाव काय? ती म्हनली, कोंबडीला नाव नस्तंय. तर हसलं. मंग चा घेतला. दूद नव्हता, कोराच दिला, गुलाचा. मला लाज वाटली. तर म्हनले, आनखी आहे काय? दोन येळा घेतला."

"ते चहा पीत नाहीत," कुंदा म्हणाली. "घरी कधीच नाही. कॉफीच लागते."

"माज्याकडं प्याले. दोन येळा."

कुंदाच्या तोंडावर काहीतरी हललं. इतक्या दिवसांत अनंताने तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ती येसूकडे वळून बसली.

"गूळ आधी घालता की पाणी उकळल्यावर?" तिने विचारलं.

"उकलल्यावर," येसू म्हणाली. "थोडा आला ठेचून."

"किती?"

येसूने तर्जनीच्या पेरावर अंगठा टेकवून दाखवलं. कुंदाने ते नीट बघून घेतलं.